अभ्यास ज्याचा त्याचा, सोय कोणाची?

२०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांतल्या १,७६४ एकट्या महाराष्ट्रातल्या. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या या यादीत त्या वर्षी आपले राज्य पहिले होते. असे आकडे छापून आले की दोन सूर हमखास निघतात. एक म्हणतो, हल्लीच्या मुलांना काही सोसत नाही, हातातला मोबाइल सुटत नाही. दुसरा म्हणतो, कॉलेजात समुपदेशक नेमा. दोन्ही सुरांना एक गोष्ट मनोमन मान्य असते: जे काही बिघडले आहे ते मुलात बिघडले आहे. ही समजूत मोबाइलच्या आधीची आहे. ती मुंबई विद्यापीठाइतकीच जुनी आहे.

१८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर बेतलेले होते. शिकवायचे कॉलेजांनी, परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची विद्यापीठाने. १९०४ चा कायदा होईपर्यंत स्वतः शिकवणे विद्यापीठाच्या कामात बसतच नव्हते. विद्यार्थी राहतो कुठे, जेवतो काय, दिव्याला तेल कुठून आणतो, हे तर फारच दूर राहिले. परीक्षेच्या दिवशी तो हजर झाला की विद्यापीठाचा आणि त्याचा संबंध सुरू व्हायचा.

१८६२ साली पहिले चार बी.ए. झाले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. त्यांची नावे आपण कौतुकाने घेतो, आणि ते योग्यच आहे. पण १८९० च्या दशकात याच मुंबई इलाख्यात वेगळीच चर्चा सुरू झाली होती: आपले पदवीधर अल्पायुषी का ठरतात? याच विद्यापीठाचे पदवीधर आणि मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश काशिनाथ त्र्यंबक तेलंग १८९३ साली गेले तेव्हा नुकती त्रेचाळिशी ओलांडली होती. खुद्द रानड्यांनी पदवीधरांच्या अकाली मृत्यूंचा प्रश्न हाती घेतला. परीक्षांचे ओझे आणि शरीराची हेळसांड हे मुद्दे त्या काळच्या बोलण्यात पुन्हापुन्हा येतात. ‘विद्यार्थ्यांचे आरोग्य’ हा विषय काल-परवा कुठून तरी आयात झाला असे ज्यांना वाटते, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

टिळकांची गोष्ट याच संदर्भात सांगितली जाते. डेक्कन कॉलेजात गेल्यावर पहिले वर्ष त्यांनी तालीम आणि पोहणे यांना दिले, शरीर कमावले आणि त्या वर्षीची परीक्षा घालवली. १८७६ साली बी.ए. झाले. आपण ही गोष्ट निर्धाराची म्हणून सांगतो आणि तो निर्धार होताच. पण त्या निर्धाराला राहायला वसतिगृहाची खोली होती, पोहायला नदी होती आणि एक वर्ष हातचे जाऊ देण्याची ऐपत होती.

त्याच पुण्यात वार लावून जेवणारी मुलेही शिकत होती. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या, असे सात दिवस सात घरी. ज्या घरचा वार, त्या घरची वेळ. पूजा लांबली की पान उशिरा मांडले जायचे आणि कॉलेजचा तास बुडायचा. त्या घरात सुतक आले किंवा मंडळी गावी गेली, की त्या वारी पोटाला चिमटा. अशा मुलाने पहाटे उठून अभ्यास केला तर ती त्याची शिस्त खरीच, पण त्याचा दिवस सात स्वयंपाकघरे ठरवत होती. आणि ही सोयसुद्धा मुख्यतः ब्राह्मण मुलांची. बाकीच्यांना शहरात वार कोण देणार?

या प्रश्नाला उत्तर दिले ते कोल्हापुराने. १९०१ पासून राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने तिथे एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली, मराठा, जैन, मुस्लिम, लिंगायत अशी. कोल्हापूरला विद्यार्थी वसतिगृहांची जननी म्हणतात ते त्यावरून. नावे जातिधर्मांची असल्याबद्दल आज नाक मुरडले जाते. मला ती टीका अर्धीच पटते. गावाकडून आलेल्या मुलाला त्या घटकेला हवे होते छप्पर, वेळेवर भाकरी आणि सोबतीला अभ्यास करणारी चार पोरे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ साली काढलेल्या वसतिगृहात मात्र सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसली. १९४७ च्या छत्रपती शिवाजी कॉलेजात त्यांनी ‘कमवा आणि शिका’ पदवीपर्यंत नेले. हे नुसते फी भागवण्याचे साधन नव्हते. कामाचे तास, अभ्यासाचे तास, झोपेचे तास यांची घडी संस्थाच घालून देत होती आणि तिच्या आत मुलगा स्वतःला सांभाळायला शिकत होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले तेव्हा वर्ग सकाळचे ठेवले, म्हणजे दिवसा नोकरी करणाऱ्याला शिकता यावे. साधी वाटणारी ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासात मोलाची वाटते. विद्यार्थ्याने वेळापत्रकाशी जुळवून घ्यायचे ही रीत. इथे वेळापत्रकच विद्यार्थ्याकडे सरकले.

विद्यार्थी स्वतःच्या अभ्यासाला वळण कसे लावतो, याची शास्त्रीय मांडणी करायला मानसशास्त्राला १९८० चे दशक उजाडावे लागले. न्यूयॉर्कच्या बॅरी झिमरमन यांनी स्वनियमित अध्ययनाचे टप्पे मांडले: आधी आखणी, मग अभ्यास करताना स्वतःवर नजर, नंतर स्वतःचा हिशेब. १९९१ साली मिशिगन विद्यापीठात पॉल पिंट्रिच आणि सहकाऱ्यांनी ८१ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. जगभरच्या कॉलेजांत ती आजही वापरली जाते. तीत ‘वेळ आणि अभ्यासाची जागा’ यांचे नियोजन हेही विद्यार्थ्याचे कौशल्य म्हणून मोजले जाते. अभ्यासाला शांत जागा निवडतोस का? प्रश्न रास्त आहे, पण निवडायला आधी दोन जागा तरी हव्यात. दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, पाळणा आणि शिलाई मशीन यांच्या मधे बसणाऱ्या मुलीला या प्रश्नात गुण कमीच मिळणार.

भोवतालाचा हा भाग इतर संशोधकांनी मात्र विचारात घेतला आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी १९८५ पासून एक मुद्दा लावून धरला आहे: माणसाला स्वायत्तता, जमते आहे ही जाणीव आणि आपलेपणा मिळाला तरच आतली प्रेरणा टिकते. स्पेनचे हेसुस दे ला फुएन्ते यांनी २०१७ साली मांडलेल्या सिद्धान्तात तर मुलाचे स्वनियमन आणि भोवतालचे नियमन एकत्रच पाहिले आहे. वातावरण स्वनियमनाला हात देऊ शकते, नुसते बघत राहू शकते किंवा ते मोडूही शकते.

हात देणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे, हे इथेच सांगितलेले बरे. मुलींच्या वसतिगृहांत संध्याकाळी दार बंद करण्याच्या वेळा हेही बाहेरून केलेले नियमनच. त्याविरुद्ध २०१५ साली दिल्लीत ‘पिंजरा तोड’ आंदोलन उभे राहिले.

वातावरण मोडते कसे, याचे उदाहरण लांब शोधायला नको. विद्यापीठ आयोगाने १९४८-४९ मध्येच सांगितले होते की एकच सुधारणा सुचवायची झाली तर ती परीक्षांची सुचवू. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्ये आरोग्य, निवास, मार्गदर्शन आणि समुपदेशन हे विद्यार्थ्यांच्या सोयींचे भाग मानले. तरीही २०१७ साली मुंबई विद्यापीठात उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याचा प्रयोग फसला. निकाल ४५ दिवसांच्या आत लावण्याचा नियम असताना उन्हाळ्यातल्या परीक्षांचे निकाल सप्टेंबरपर्यंत रखडले. पुढचे प्रवेश अडले आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केले. ज्या मुलाने सेमिस्टरभर जर्नल, सबमिशन, इंटर्नल वेळेत पुरे केले होते, त्याने त्या चार महिन्यांत कसली आखणी करायची होती?

सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली उच्च शिक्षणातल्या आत्महत्यांची कारणे शोधण्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. २५ जुलै २०२५ च्या दुसऱ्या एका निकालात शैक्षणिक संस्थांसाठी १५ मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा, ही त्यांतली सगळ्यात गाजलेली. गुणांवरून तुकड्या पाडू नका आणि शिक्षक-कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्या, अशाही सूचना त्यांत आहेत. बातम्यांत मात्र समुपदेशकच पुढे राहिला. एक पद भरले, दारावर पाटी लावली, की अहवालात रकाना भरता येतो. निकालाची तारीख पाळणे, अभ्यासिका रात्री उघडी ठेवणे आणि वसतिगृह न मिळालेल्या मुलाच्या खात्यात निर्वाह भत्ता सत्र संपण्याआधी जमा करणे यांसाठी तसा रकाना अजून नाही.