पाळीतील वेदना आणि मेंदूतील जाळी

दर महिन्याला पाळीत तीव्र कळा सोसणाऱ्या स्त्रियांच्या मेंदूत, वेदनेशी संबंधित भागांच्या आपसातील जुळणीत बदल दिसतात; त्यांविषयी हे टिपण. ओटीपोटात दुसरा आजार नसताना येणाऱ्या अशा कळांना प्राथमिक कष्टार्तव म्हणतात.

दुखण्याची सुरुवात गर्भाशयातच होते. पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) उतरले की गर्भाशयाच्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिने ही कळ आणणारी रसायने वाढतात, गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि त्याला रक्त कमी पडते. मेफेनॅमिक ॲसिड हे वेदनाशामक प्रोस्टाग्लँडिने तयार होणेच रोखते, त्यामुळे ही गोळी कळ शिगेला पोचण्याआधी घेतलेली बरी. ऐरोली-घणसोलीला कामावर जाणाऱ्या मुली मात्र बहुधा अगदी असह्य झाल्यावरच ठाणे-वाशी ट्रान्स-हार्बर लोकलच्या लेडीज डब्यात विचारतात, ‘ए, कुणाकडे गोळी आहे का गं? कंबर नुसती भरून आलीय.’

मेंदूचा अभ्यास एमआरआयच्या एका खास पद्धतीने होतो. रक्तातील ऑक्सिजनच्या फरकावरून मेंदूतील हालचाल टिपण्याची ही पद्धत सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये मांडली. स्त्री काही न करता नुसती पडून असते. ज्या भागांतील चढउतार एकत्र होतात ते एका जाळ्यातले मानतात. त्यांपैकी एक जाळे मन स्वतःतच गुंतलेले असताना जागे असते. दुसरे, मेंदूतील इन्सुला हा भाग व सिंग्युलेट या भागाचा पुढचा हिस्सा मिळून झालेले, शरीरातून येणाऱ्या कोणत्या सूचनेकडे आधी लक्ष द्यायचे ते ठरवते. यांच्या जुळणीत, तसेच मस्तिष्कस्तंभातील (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या देठातील) वेदना दाबणाऱ्या भागाशी असलेल्या त्यांच्या संबंधात फरक आढळले आहेत.

सगळ्यात बोलका निष्कर्ष न दुखणाऱ्या दिवसांचा आहे. तैवानमधील संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत पाळी नसतानाही अशा स्त्रियांच्या मेंदूतील करड्या द्रव्यात, म्हणजे चेतापेशींची दाटी असलेल्या भागात, फरक दिसला. म्हणजे पाळी संपली तरी मेंदूत सारे जागच्या जागी येतेच असे नाही. पण वर्षानुवर्षांच्या दुखण्याने हे बदल झाले, की असा मेंदू असल्याने दुखणे जास्त जाणवते, हे अशा पाहण्यांतून ठरत नाही. गट छोटे असतात, बहुतेकींची तपासणी एकदाच होते आणि महिनाभरात संप्रेरकेही बदलत असतात. ‘मेंदूत दिसते, म्हणजे मनाचे खेळ’ हा अर्थ तर साफ चुकीचा आहे.

डोक्याचा एमआरआय काढून या दुखण्याचे निदान होत नाही. ठाण्यात किंवा वाशीत कुणी त्यासाठी पैसे घालवू नयेत. ठाण्यात वागळे इस्टेट भागातील एका वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयात जानेवारी २०२१ मध्ये पाळीसाठी वेगळी खोली झाली, तिथे पाणी आणि साबणाची सोय केली होती. पाळीतील स्वच्छतेचा प्रश्न असा किमान चर्चेत तरी आला. दुखण्याला मात्र घरोघरी अजून ‘लग्न झालं की थांबेल’ हेच उत्तर मिळते. कळा वर्षागणिक वाढत असतील, पाळी नसतानाही दुखत असेल किंवा गोळीने उतार पडत नसेल तर एंडोमेट्रिओसिस (अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढणे) किंवा ॲडिनोमायोसिस (त्या गर्भाशयाच्या स्नायूत वाढणे) यांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी लागते.