‘उपलब्ध स्फुरद’: ओली जमीन, वाळवलेला नमुना

खाचरात पाणी साचलं की जमिनीतला स्फुरद (फॉस्फरस) मोकळा होतो, हे भातवाल्यांना नवीन नाही. घोळ आहे तो पाणी ओसरल्यानंतरचा, आणि त्याहून जास्त माती तपासणीच्या अहवालातल्या ‘उपलब्ध’ या एका शब्दाचा, म्हणजे पिकाला घेता येईल असा स्फुरद.

लोह आणि स्फुरदाचं नातं युरोपातल्या सरोवरांच्या गाळावर १९३० आणि १९४० च्या दशकांत उलगडलं. प्राणवायू संपला की तांबडं फेरिक लोह विरघळणारं फेरस होतं आणि त्याला चिकटलेला स्फुरद पाण्यात येतो. १९५८ साली पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर वाळणं-भिजणं तपासलं गेलं, पण ते कर्ब आणि नत्रासाठी. ब्रिटनमधल्या कुरणांच्या मातीत वाळवल्यानंतर पाण्यात विरघळणारा स्फुरद कित्येक पटींनी वाढतो, हे २००१ मध्ये पुढे आलं. त्यातला बराचसा सेंद्रिय होता. कोरडी माती एकदम भिजली की सूक्ष्मजीवांच्या पेशी फुटतात, त्यांच्यातला.

या मधल्या काळात माती तपासणीची पद्धत मात्र पक्की होऊन बसली. आम्ल मातीसाठीचं फ्लोराइडचं द्रावण १९४५ चं, चुनखडीच्या मातीसाठीचं बायकार्बोनेटचं १९५४ चं. नमुना सावलीत वाळवायचा, लाकडी हातोडीने फोडायचा, २ मिमी चाळणीतून काढायचा. आम्ल जांभ्या मातीचे २.५ ग्रॅम, फ्लोराइडचं द्रावण २५ मिली, ५ मिनिटं हलवून गाळायचं. वाळवलेला नमुना महिनोन्महिने टिकतो, हजारो नमुने एका मापाने मोजता येतात. २०१५ पासून जमीन आरोग्य पत्रिका घरोघरी पोचल्या, त्या या सोयीमुळेच. पाणी न साचणाऱ्या वरकस जमिनीला हे चालतं.

खाचराच्या मातीला नाही. निळसर करडं ढेकूळ फोडून ठेवा, हवा लागताच ते तांबूस पडू लागतं. नव्याने तयार झालेलं ते लोह स्फटिक न बनलेलं, प्रचंड पृष्ठभागाचं, म्हणून स्फुरद घट्ट धरतं. त्याच वेळी मेलेल्या सूक्ष्मजीवांचा स्फुरद द्रावणात येऊ शकतो. एक चूक आकडा खाली ओढते, दुसरी वर. दोन्हींचं प्रमाण मातीगणिक बदलतं, त्यामुळे एखादा सरसकट गुणक लावून भागत नाही. नमुना ओलाच घ्यावा: पिशवीतली हवा दाबून काढायची, बर्फात ठेवायचा, थोडा भाग १०५ अंशांवर वाळवून ओलावा काढायचा आणि हिशेब कोरड्या वजनावर मांडायचा. मातीतलं पाणी द्रावण पातळ करतं, तेही धरायचं. काम वाढतं, पण आकडा त्या जमिनीचा असतो.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या दलदलीत वाळून पुन्हा भिजण्याचा हा प्रश्न पैशांचा झाला. तिथल्या दलदलीसाठी स्फुरदाची मर्यादा अब्जात १० भाग. उसाच्या शेतांचं पाणी आधी बांधीव पाणथळींतून गाळतात. दुष्काळात त्यांचा तळ उघडा पडला, की पुन्हा भरताना साठलेला स्फुरद सुटून येऊ शकतो. म्हणून तळ उघडा पडू न देणं हाच तिथला कामाचा नियम आहे.

आपल्याकडे २०१७ च्या पाणथळ नियमांनी भातखाचरं व्याख्येबाहेर ठेवली, मातीची रसायनं मात्र तीच राहिली. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल टोकतात, तेव्हा मुळांच्या वाटेवर गंजाच्या बारीक नळ्या दिसतात. भाताला मोकळा झालेला स्फुरद आता तिथे अडकलेला असतो. भाताला स्फुरद पुरला म्हणून वालाचा स्फुरद खताचा हप्ता कापला, की रोपं खुरटतात. तो हप्ता बियांच्या ओळीतच, बियांच्या थोडा खाली पडला पाहिजे. फोकून दिला तर तोही त्याच लोहाला जाऊन चिकटतो.