टाकळीची गोगलगाय आणि आमचे सर

भूशास्त्राच्या आमच्या सरांच्या व्हायवात, म्हणजे तोंडी परीक्षेत, उत्तर चुकलं तरी निभावून जायचं, पुराव्याशिवाय बोललं की संपलं. "हा बेसाल्ट आहे, सर," (म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा खडक) म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "काहून?" काळा आहे म्हणून, हे कारण चालायचं नाही. काळं बरंच काही असतं. मग भिंगातून कण किती बारीक दिसतात, पोकळ्या दगडभर आहेत की एकाच अंगाला, त्या कशाने भरल्यात, हे सगळं आमच्याकडून वदवून घेत आणि तेव्हा कुठे मान हलवत. व्हायवाला आमचे हात गार पडायचे. तरी त्यांच्याच फील्डला जायला भांडणं व्हायची.

भूशास्त्र शिकायला नागपूरसारखं गाव नाही, असं ते म्हणत. नागपूरकराचा अभिमान वजा केला तरी त्यात तथ्य उरतंच. शहराच्या पश्चिमेला दख्खनच्या लाव्हाचे थर, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने, अब्जाहून अधिक वर्षांचे रूपांतरित खडक, कामठीकडे गोंडवाना या प्राचीन खंडाच्या काळातले वालुकाश्म. सकाळी निघून संध्याकाळी घरी जेवायला परतता येईल एवढ्या अंतरात हे सगळं आहे.

सरांचा जीव मात्र नागपुरातल्याच टाकळीत. दख्खनचा लाव्हा काही एका दमात वाहिला नाही. एक प्रवाह थंड व्हायचा, मग पुढचा येईपर्यंत मोठा काळ जायचा. मधल्या काळात खोलगट जागी पाणी साचायचं, तळी व्हायची, गाळ बसायचा, झाडं उगवायची, आणि एक दिवस नवा लाव्हा येऊन सगळं झाकून टाकायचा. सँडविचमधल्या चटणीसारखा, दोन लाव्हांच्या मध्ये अडकलेला हा गाळ म्हणजे इंटरट्रॅपियन थर. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी जेमतेम काही मीटर, पण त्या काळातल्या जीवसृष्टीची नोंद सापडते ती तिथेच.

गिट्टीखदानच्या बाजूला एका खणलेल्या कडेपाशी सरांनी आम्हाला उभं केलं आणि खडू हातात दिला. "खालचा प्रवाह कुठं संपला, रेघ मारा." लाव्हातले वायू वर चढतात, म्हणून प्रवाहाच्या माथ्याशी पोकळ्यांची गर्दी असते. पुढे त्यात झिओलाइट, कॅल्साइट ही पांढरी खनिजं भरतात आणि काळ्या दगडावर पांढरे ठिपके दिसतात. ते ठिपके जिथे थांबले तिथे रेघ. रेघेच्या वर फिकट गाळ आणि त्यात चर्टचा, म्हणजे गारगोटीच्या जातीच्या दगडाचा, एक टणक तुकडा. सरांनी हातोड्याने तो फोडला, तर आत गोगलगायीचे शंख! मूळ कवचाची जागा सिलिकाने घेतलेली, पण वेटोळी जशीच्या तशी. "टोक वर धर. तोंड तुझ्याकडं. आता सांग, तोंड कोण्या बाजूला?" डाव्या. बहुतेक गोगलगायींचं ते उजवीकडे असतं, फिझा नावाच्या गोगलगायीच्या कुळात डावीकडे. आणि फिझा ही गोड्या पाण्यातली, म्हणजे इथे समुद्र नव्हता, तळं होतं. एवढं सगळं नखाएवढ्या शंखातून निघालं.

टाकळीचे हे थर जगापुढे आणले स्टीफन हिस्लॉप या स्कॉटिश मिशनऱ्याने. 1845 साली तो नागपुरात आला, आणि धर्मप्रचारातून वेळ काढून दगड गोळा करत फिरला. (1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना तो पुरात बुडाला. त्याच्या नावाचं कॉलेज आजही सगळ्यांना माहीत आहे, त्याचे शंख फारसे कुणाला नाहीत.) जीवाश्मांवरून त्याने या थरांचं वय डायनासोर संपल्यानंतरचं ठरवलं. 1930 च्या दशकात बिरबल साहनींनी छिंदवाड्याकडच्या वनस्पती-जीवाश्मांवरून जवळपास तोच निष्कर्ष काढला. 1980 च्या दशकात मात्र चित्र उलटलं. टाकळीच्याच थरांत डायनासोरच्या अंड्यांच्या कवचाचे तुकडे मिळाले, आणि किरणोत्सारी मापनातून दख्खनच्या लाव्हाचं वय साधारण 6.6 कोटी वर्षं निघालं. लाव्हा वाहायला लागला तेव्हा डायनासोर इथेच होते, दोन प्रवाहांच्या मधल्या काळात अंडी घालत होते.

हा वाद शिकवताना सर शेवट आधी सांगत नसत. एक अख्खा तास हिस्लॉपच्या बाजूने, त्याच्याकडच्याच शंखांच्या बळावर बोलत, आणि आम्ही पटून माना डोलवायला लागलो की डायनासोरच्या अंड्याच्या कवचाचा तुकडा टेबलावर ठेवत. थोडी नाटकी पद्धत होती, पण तो तास कुणी बुडवला नाही.

निवृत्तीनंतरही फोनवर त्यांची उलटतपासणी चालूच होती. 2019 मध्ये दख्खनच्या लाव्हाच्या वयावर दोन शोधनिबंध एकाच वेळी आले. मेक्सिकोतल्या चिकशुलुबला अशनी आदळण्याच्या आधी किती लाव्हा ओतला गेला आणि नंतर किती, यावर दोघांचं एकमत नव्हतं. मी उत्साहाने निष्कर्ष वाचून दाखवायला लागलो. "ते राहू दे," सर म्हणाले, "नमुने कुठले आहेत ते पाह्य आधी." पाहिलं तर बहुतेक पश्चिम घाटातले. "मग आपल्या टाकळीच्या वरचा प्रवाह यातल्या कोणत्या थराशी जुळवशील? आणि कशावरून?" रासायनिक घटकांवरून जुळवता येईल, असं मी म्हणालो. त्यावर त्यांनी लगेच विचारलं, सारख्या घटकांचे दोन प्रवाह वेगवेगळ्या काळात वाहिले असतील तर?