जुनी विंडोज बदलायची की ठेवायची? प्रश्नामागची पार्श्वभूमी

जुन्या संगणकावर नवी विंडोज टाकावी का, हे एकेकाळी फक्त ताकदीवर ठरायचं. २००१ मध्ये आलेल्या एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम लागायची. २००७ च्या व्हिस्टाने ती ५१२ एमबीवर नेली आणि ग्राफिक्स ड्रायव्हरची (ड्रायव्हर म्हणजे एखादं उपकरण विंडोजशी जोडून देणारं सॉफ्टवेअर) रचनाही बदलली. चांगले चालणारे प्रिंटर, साउंड कार्ड केवळ नवा ड्रायव्हर न मिळाल्याने निकामी ठरले. लोक एक्सपीलाच धरून राहिले, आणि ते बरोबरच होतं. २००९ च्या विंडोज ७ ला व्हिस्टासाठी लिहिलेले बहुतेक ड्रायव्हर चालले, म्हणून तो बदल सुखाचा गेला.

मधल्या काळात दुसरा निकष पुढे आला: तारीख. ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा सपोर्ट, म्हणजे कंपनीकडून मिळणारे सुरक्षा अपडेट, संपला. त्यानंतर संगणक बंद पडत नाही, म्हणूनच धोका जाणवत नाही. पण नव्या आवृत्तीसाठी निघालेला प्रत्येक सुरक्षा पॅच (भोक बुजवणारी दुरुस्ती) हल्लेखोराला भोक कुठे आहे ते दाखवतो, आणि तोच कोड जुन्या आवृत्तीतही असेल तर तिथलं भोक कायम उघडं राहतं. मे २०१७ मधल्या वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसच्या हल्ल्यात मात्र सर्वाधिक फटका बसला तो विंडोज ७ ला. तिचा सपोर्ट चालू होता, पॅच मार्चमध्येच आला होता. तो टाकलेला नव्हता. अपडेट बंद ठेवून नवी आवृत्ती वापरण्यात काहीच अर्थ नाही, हे त्यातून स्पष्ट झालं.

२०२१ च्या विंडोज ११ ने तिसरा निकष आणला. १६ जीबी रॅम असलेला संगणकही नापास होऊ लागला, कारण अट आता टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त विश्वासू सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) यांची आहे. प्रोसेसरही साधारण इंटेलच्या आठव्या पिढीचा किंवा रायझन २००० मालिकेचा, नाहीतर त्यानंतरचा हवा. टीपीएम नाही असा संदेश आला तरी लगेच हार मानू नये. अनेकदा तो बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, नुसता बंद असतो. इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम या नावाने सापडतो. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर सेटिंगला हात लावण्याआधी तिची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवावी. पुढच्या बूटला संगणक ती मागू शकतो, आणि ती नसेल तर डेटा अडकतो. सिक्युअर बूटला यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) मोड लागतो. डिस्कची मांडणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर तो मोड चालू करण्याआधी ती नव्या जीपीटी पद्धतीची करावी लागते. हा क्रम चुकला की विंडोज सुरूच होत नाही. विंडोज १० मध्येच त्यासाठी एमबीआरटूजीपीटी हे साधन आहे. बॅकअप घेऊन आधी त्याची तपासणी चालवावी, रूपांतर नंतर.

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांसाठी नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळण्याची सोय ठेवली गेली. ज्यांचा प्रोसेसर अटीत बसत नाही, त्यांनी ही मुदत नवा संगणक घ्यायचा की लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळायचं हे ठरवण्यासाठी वापरावी. ज्यांचा बसतो, त्यांना ११ पसंत न पडल्यास मागे फिरायला एरवी दहाच दिवस मिळतात, तेही जुनी विंडोज जपून ठेवणारा विंडोज डॉट ओल्ड हा फोल्डर जागा वाचवायच्या नादात उडवला नसेल तरच.