मागे बघणारा, पुढे बघणारा: अमोनिया प्लांटमधले दोन जुळे रेग्युलेटर

१ जूनला मासेमारी बंदी लागली की रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात ट्रॉलर एकमेकांना खेटून उभे राहतात. ३१ जुलैपर्यंत, ६१ दिवस. तांडेल-खलाशी जाळी शिवायला बसतात आणि आमच्यासारखे मासळी थंड ठेवणाऱ्या अमोनिया प्लांटमधले लोक व्हॉल्व्ह उघडायला. कोळंबीचा हंगाम चालू असताना ज्या बोल्टला पाना लावायची छाती होत नाही, ते बोल्ट याच दिवसांत सुटतात. आणि दरवर्षी एकदा तरी टेबलावर दोन रेग्युलेटर, म्हणजे प्रेशर ठरल्या जागी धरणारे व्हॉल्व्ह, शेजारी-शेजारी मांडलेले असतात आणि कोणीतरी विचारतो, "यातला बॅक प्रेशरचा कुठला हो?"

बाहेरून बघून सांगता येईलच असं नाही. पार्कर कंपनीच्या ए-४-ए आणि ए-४-ए-ओ या दोन मॉडेलचं धड जवळपास सारखंच. डॅनफॉसच्या आयसीएस व्हॉल्व्हवर सीव्हीपी पायलट, म्हणजे मुख्य व्हॉल्व्हला हुकूम देणारा छोटा व्हॉल्व्ह, बसवला की तो एक काम करतो, सीव्हीसी बसवला की बरोबर उलटं. खाली तोच पिस्टन, तीच सीट. फरक सगळा डोक्यात.

हा फरक मी पोरांना पाण्यावरून सांगतो. वहाळावर बंधारा घातलाय, त्याला सांडवा आहे. सांडवा मागच्या पाण्याकडे बघतो. पाणी ठरलेल्या उंचीच्या वर गेलं की जास्तीचं सोडतो, खाली असलं की अडवून धरतो. पुढे वहाळात पूर आहे की खडखडाट, त्याच्याशी त्याला देणंघेणं नाही. हा झाला इनलेट रेग्युलेटर, म्हणजेच आपला बॅक प्रेशरवाला. आता गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट घ्या. तो पुढे, टाकीत बघतो. टाकी रिकामी असेल तर उघडतो, भरत आली की मिटतो. मागून पंप किती जोरात येतोय हे तो बघत नाही. हा आउटलेट रेग्युलेटर.

आता प्लांटवर या. एकाच सक्शन हेडरवर, म्हणजे कॉम्प्रेसरकडे गॅस परत नेणाऱ्या मोठ्या पाइपवर, बर्फाची टाकी आहे आणि मासळीची चिल रूमही. बर्फाच्या टाकीला अमोनिया −१५ अंशांवर उकळायला हवा, म्हणजे गेजवर साधारण १.३५ बार. चिल रूमच्या कॉइलला, म्हणजे ज्यात अमोनिया उकळतो त्या नळ्यांना, −५ पुरे, म्हणजे सुमारे २.५ बार. मध्ये काहीच नसेल तर चिल रूमची कॉइलही ओढली जाऊन −१५ ला जाते, पंख्यासमोरची सुरमई वरून सुकते, कडेला गोठते. म्हणून त्या कॉइलच्या सक्शनला बॅक प्रेशर रेग्युलेटर. तो कॉइलमधलं प्रेशर २.५ च्या खाली उतरू देत नाही.

आउटलेटवाला सहसा हॉट गॅसच्या लाइनवर भेटतो, म्हणजे कॉइलवरचा बर्फ वितळवायला (डिफ्रॉस्टला) कॉम्प्रेसरचा गरम गॅस नेणाऱ्या पाइपवर. आपल्याकडच्या हवेत कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या गॅसचं प्रेशर १३-१४ बारवर सहज असतं. तेवढं सगळं गोठलेल्या कॉइलवर सोडायचं नसतं, म्हणून रेग्युलेटर पुढचं प्रेशर ७ बारच्या आसपास धरून ठेवतो. आणि गंमत म्हणजे त्याच डिफ्रॉस्टमध्ये कॉइलच्या दुसऱ्या टोकाला, गॅस बाहेर सोडायला, पुन्हा इनलेटवाला असतो, ५ बारच्या आसपास लावलेला. एकाच कॉइलला दोन तोंडांवर दोन जुळे.

खरा घोटाळा सक्शन लाइनमध्ये होतो, कारण तिथे दोघेही बसू शकतात. कॉइलजवळ असेल तर बहुधा इनलेटवाला. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी असेल तर आउटलेटवाला, डिफ्रॉस्टनंतर कॉम्प्रेसरवर एकदम लोड येऊ नये म्हणून. मासळीच्या गाड्यांवरच्या छोट्या फ्रीऑन युनिटमध्येही हीच जोडी असते. डॅनफॉसचे केव्हीपी आणि केव्हीएल हातात घेऊन बघा, सख्खे भाऊ वाटतील.

आता डोकं उघडू. दोघांतही वर स्प्रिंग, तिच्याखाली पत्र्याचा पातळ डायफ्राम, त्याखाली पायलटची सीट. पायलट उघडला की मागचा गॅस पिस्टनच्या डोक्यावर येतो, पिस्टन खाली दबतो, मुख्य व्हॉल्व्ह उघडतो. पायलट मिटला की डोक्यावरचा गॅस एका बारीक भोकातून पुढच्या बाजूला निसटतो आणि खालची स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद करते. इथपर्यंत दोघे सारखे. पण इनलेटवाल्यात वरची स्प्रिंग पायलट *दाबून मिटवते* आणि मागचं प्रेशर डायफ्राम उचलून तो उघडतं. आउटलेटवाल्यात स्प्रिंग पायलट *ढकलून उघडते* आणि पुढचं प्रेशर डायफ्राम उचलून तो मिटवतं.

म्हणून स्क्रू आवळला की दोघांचंही सेटिंग वाढतं, पण एक मिटत जातो आणि दुसरा उघडत जातो. हे ज्याच्या डोक्यात पक्कं नाही त्याच्या हाती पाना देऊ नये. आमच्याकडे एक चांगला फिटर आला होता, आधी कायम हॉट गॅसच्या लाइनवर काम केलेला. चिल रूमचं तापमान उतरेना म्हणून त्याने बॅक प्रेशरचा स्क्रू आवळला. तासाभराने सांगत आला, "दादा, दोन फेरे आवळलाय, तरी रूम उतरत नाय. अजून अर्धा देऊ काय?" रूम ४ अंशांवरून ७ वर गेली होती. उघडतोय असं समजून बिचारा व्हॉल्व्ह मिटवत बसला होता.

बिघाडातही हेच. पिस्टनचं बारीक भोक तेलाच्या चिकट गाळाने बुजलं, तर दोघेही उघडेच राहतात. पायलटची जाळी तुंबली, तर दोघेही उघडत नाहीत. पण 'बघायची' वाट बंद झाली की दोघांची तऱ्हा निराळी. इनलेटवाल्याला मागचं प्रेशर दिसेनासं झालं तर तो समजतो मागे काहीच नाही, आणि मिटून बसतो. आउटलेटवाल्याला पुढचं दिसेनासं झालं तर त्याला वाटतं टाकी रिकामी आहे, आणि तो सताड उघडतो. पहिल्यात मासळी गरम होते. दुसऱ्यात पाइप हादरतात.

दुसरं मी स्वतः अनुभवलंय, आणि चूक माझीच होती. हॉट गॅसच्या रेग्युलेटरची सर्व्हिस केली, नवं किट टाकलं, सगळं नीट जोडलं. पुढच्या लाइनवरून येणाऱ्या पाव इंची सेन्सिंग नळीचा छोटा व्हॉल्व्ह मात्र काम करताना बंद केलेला तसाच राहिला. पहिल्याच डिफ्रॉस्टला गेजचा काटा ७ ओलांडून १३ ला जाऊन टेकला आणि कॉइलमध्ये घण घातल्यासारखे ठोके सुरू झाले. धावत जाऊन हॉट गॅसचा मेन बंद केला. तेव्हापासून त्या छोट्या व्हॉल्व्हच्या चाकाला मी लाल चिंधी बांधतो. ती चिंधी खिशात आल्याशिवाय प्लांट चालू करत नाही.

उघडतानाची काळजी दोघांना सारखीच आहे, म्हणून थोडक्यात. लाइन पंप-डाउन करून, म्हणजे आतला अमोनिया ओढून काढून, दोन्ही बाजूंनी बंद, टाळा-पाटी लावलेली, मास्क जवळ, पाण्याचा नळ चालू. गेज शून्य दाखवतोय म्हणून विश्वास ठेवू नका, तेलाखाली द्रव अमोनिया दडून बसतो. आधी स्क्रूची उंची मोजून लिहा, मग स्प्रिंग पूर्ण ढिली करा. बोल्ट सगळे एकदम काढायचे नाहीत. तोंडापासून लांबचे आधी ढिले करा, जॉइंट हलवा, वास बघा. पावसाळ्यात अंग घामाने ओलं असतं आणि अमोनिया ओलाव्याकडेच धावतो.

जोडताना बहुतेक चुका पॅकिंगवर होतात. त्याला गॅस जायला एक छोटं भोक असतं. ते बॉडीच्या भोकावर आलं पाहिजे. पॅकिंग फिरवून बसवलं तरी बोल्ट बसतात, गळतीही होत नाही, फक्त व्हॉल्व्ह मुका होतो. पॅकिंगवर सिलिकॉनचा लेप देणाऱ्यांना मी टेबलाजवळ येऊ देत नाही, लेप दाबून थेट त्याच भोकात जातो. ओ-रिंग बाजारातून उचलायची नाही. व्हायटॉन रबर अमोनियात टिकत नाही, ईपीडीएम अमोनियाला चालतं पण खनिज तेलात फुगतं. निओप्रीन चालतं. तांब्या-पितळेची वॉशर तर नकोच, अमोनिया ती खातो. पिस्टनवर पॉलिश पेपर घासू नका, कॉम्प्रेसरचं स्वच्छ तेल लावून तो स्वतःच्या वजनाने सरकतो का तेवढं बघा. आणि हाताने उघडायचा स्टेम ऑटोवर परत आणा. खाऱ्या हवेत वरची टोपी न लावता सोडलेला स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजून जाम होतो, हे किनाऱ्यावरच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

टेबलावर दोघांची डोकी एकदम उघडायची नाहीत. तरी अदलाबदलीची शंका आली, किंवा नावाची पट्टी गंजून गेली असेल, तर लाइनवर चढवण्याआधी नायट्रोजनवर बघून घ्या. स्प्रिंग पूर्ण ढिली करा, बाणाच्या दिशेने ३ बार द्या. गॅस मोकळा निघाला तर तो मागे बघणारा. अडला, तर स्क्रू हळूहळू आवळत जा. आवळल्यावर फुसफुस सुरू झाली की तो पुढे बघणारा. पहिल्याला आवळलंत तर निघणारा गॅस कमी कमी होत थांबेल. थांबला त्या फेऱ्यावर खडूने खूण करा, ३ बारचं सेटिंग साधारण तिथेच असतं.