कॅन्सर दौऱ्याचे स्वयंसेवक आणि सीमाभागातले दोन कार्डांचे गणित

निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर या पट्ट्यात कॅन्सर तपासणीची गाडी गावात येणार म्हटले की आशा कार्यकर्त्या चार दिवस आधी घरे फिरतात आणि त्या दिवशी गाडीबरोबर स्वयंसेवक उतरतात. त्यात शिक्षक असतात, कॉलेजची पोरे असतात, निवृत्त बँकवाले असतात, स्वतः उपचारातून उठलेली एखादी बाईही असते. या मंडळींनी नेमके काय करायचे, याची समजूत गेल्या काही दशकांत बरीच बदलली. हे टिपण त्या बदलाचे आहे. सीमाप्रश्नाचा इतिहास इथे पुन्हा सांगत नाही. तो वाचकांना पाठ आहे.

दौऱ्याचा साचा मुळात कॅन्सरचा नव्हेच. १८९४ साली मिरजेत मिशन दवाखाना निघाला, आणि बेळगावकडचा अवघड रोगी मिरजेला न्यायचा ही वाट तेव्हापासूनची आहे. पुढे डॉक्टरच गावात येऊ लागले ते मोतीबिंदूसाठी आणि कुटुंबनियोजनासाठी. शाळेच्या दोन खोल्या मोकळ्या करायच्या, मंडप घालायचा, नावे पुकारायची, दुपारी पिठलं-भात आणि संध्याकाळी आभारप्रदर्शन. मोतीबिंदूला हे जमते, कारण डोळ्यावरची पट्टी सुटली की काम बहुतेक संपते. देशाचा कॅन्सर नियंत्रण कार्यक्रम १९७५-७६ मध्ये सुरू झाला तेव्हा गावपातळीवर शिबिराचा हाच तयार साचा हाताशी होता, आणि तो तसाच उचलला गेला. कॅन्सरमध्ये शिबिराच्या दिवशी फक्त संशय निघतो. खरे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते आणि तोवर मंडप उतरलेला असतो.

त्यातून हा तंबाखूचा मुलूख. निपाणीच्या वखारीत तंबाखूची धूळ नाकातोंडात घेत बायकांच्या पिढ्या राबल्या. एप्रिल १९८१ मध्ये याच निपाणीत तंबाखूच्या भावासाठी शेतकरी महामार्गावर बसले आणि गोळीबारात काहींचा जीव गेला. त्यामुळे बाहेरून आलेला कोणी माईकवर ‘तंबाखू सोडा’ म्हणाला, की मागून हमखास प्रश्न येतो: मग पिकवायचं काय? या प्रश्नाला कॅन्सरच्या पत्रकात कधीच उत्तर नव्हते, आजही नाही. बायकांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आड येते ती मिश्रीची. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि सकाळी बोटाने हिरड्यांना चोळायची. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारले तर अशी बाई सरळ ‘नाही’ म्हणते आणि ती खोटे बोलत नसते. अनुभवी स्वयंसेविका प्रश्नच वेगळा करते: ‘मावशी, दात कशानं घासता?’

गुटख्याची गोष्ट तर निव्वळ हद्दीची. महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये बंदी आली, कर्नाटकात मे २०१३ च्या अखेरीस. मधल्या दहा महिन्यांत एकाच रस्त्याच्या एका टोकाला पुडी बेकायदा होती आणि दुसऱ्या टोकाला पानपट्टीवर माळेसारखी लटकत होती.

फिरत्या तपासणीला शास्त्राचा भक्कम आधार मिळाला तो आपल्याच भाषेच्या मुलखातून. मुंबईच्या परळमधील टाटा कर्करुग्णालयाच्या सहभागाने उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांत १९९९ पासून सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर अभ्यास झाला. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणी एकदाच केली, तरी त्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, असा निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या गटाची अशी तपासणी झाली नाही त्याच्याबद्दल नंतर नैतिकतेचे प्रश्न विचारले गेले आणि ते योग्यच होते. २०१६ मध्ये केंद्राने तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कॅन्सरांसाठी ३० ते ६५ वयोगटाची दर पाच वर्षांनी तपासणी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली. एचपीव्ही चाचणी महाग म्हणून गर्भाशयमुखासाठी व्हिनेगरमधल्या आम्लाचा बोळा लावून नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची पद्धत ठेवली. ती स्वस्त आहे, पण तिला आडोसा लागतो, आणि शाळेच्या खोलीत आडोसा म्हणजे खिडकीला बांधलेली जुनी साडी. ती साडी धरून उभे राहणे हेसुद्धा स्वयंसेविकेचे काम होऊन बसले.

आता कार्डांकडे, म्हणजे दोन राज्यांच्या आरोग्य योजनांकडे. कर्नाटकाने २०१० मध्ये दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांसाठी मोठ्या आजारांची योजना आधी गुलबर्गा आणि मग बेळगाव विभागात आणली. कॅन्सर त्यात होता. योजनेतली रुग्णालये गावोगाव शिबिरे घेऊ लागली आणि शिबिराचा अर्थ तेव्हा पहिल्यांदा पालटला: नुसती तपासणी नव्हे, योजनेत बसणारा रुग्ण शोधणे. यात रुग्णांचा फायदा झालाच, रुग्णालयांचाही झाला. २०१८ मध्ये ही योजना केंद्राच्या आयुष्मान भारतात मिसळली. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचे छत्र मिळाले. मात्र खासगी रुग्णालयात जायचे तर एरवी आधी सरकारी रुग्णालयाची शिफारस लागते. पलीकडे महाराष्ट्राची योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढच्या वर्षी राज्यभर पसरली आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते. निपाणीच्या माणसाला कोल्हापूर बेळगावपेक्षा जवळ आहे. नातेवाईक तिकडे, कागद वाचता येतो तो तिकडचा, पण रेशनकार्ड इकडचे.

नेमक्या या फटीत २०२३ चा निर्णय आला. महाराष्ट्र सरकारने आपली आरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू केली आणि त्यासाठी ५४ कोटींची तरतूद केली. कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी निर्णय मागे घेण्याची मागणी केली. आपल्या हद्दीत दुसऱ्या राज्याची योजना चालवणे हा हस्तक्षेप आहे, असे कर्नाटकाचे म्हणणे होते. कायद्याच्या नजरेने ते बिनबुडाचे म्हणता येणार नाही. इथल्या मराठी माणसाला मात्र त्यात वेगळेच दिसले: औषधसुद्धा हद्द विचारून घ्यायचे? जानेवारी २०२४ मध्ये बेळगाव जिल्हा प्रशासनाने या योजनेची नोंदणी केंद्रे बंद केली. सीमाभागात मोर्चे, बंद, फलकांवरून मारामाऱ्या पुष्कळ झाल्या, पण रुग्णाचा अर्ज भरणाऱ्या टेबलाला कुलूप लागणे लोकांच्या जास्त जिव्हारी लागले.

निर्णयात एक अडचण होती, तिच्याबद्दल आपल्याकडे फारसे बोलले गेले नाही. ८६५ हा आकडा महाराष्ट्राच्या सर्वोच्च न्यायालयातील सीमादाव्याचा आहे. तो रोगाच्या नकाशावरून आलेला नाही. कॅन्सरचा दौरा गाव निवडतो तो रस्ता, वखारी आणि आशाताईंचा प्रतिसाद पाहून. त्यामुळे एकाच दिवशी सकाळचे गाव यादीत आणि दुपारचे यादीबाहेर, असे होणारच होते. सकाळी ‘तुम्हाला दोन वाटा आहेत’ म्हणायचे आणि दुपारी, तोंडात तसाच संशयाचा पांढरा चट्टा असलेल्या माणसाला ‘एकच आहे’ म्हणायचे. शिवाय दौऱ्यातल्या आशाताई कर्नाटक सरकारच्या मानधनावर. त्यांच्या शेजारी बसून दुसऱ्या राज्याच्या योजनेचा अर्ज भरणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय आणणे. म्हणून महाराष्ट्राच्या योजनेचा कागद दौऱ्यात आणायचाच नाही, हीच वाट मला शहाणपणाची वाटते. ज्याला हवी त्याला माहिती नंतर घरी जाऊन देता येते. याला कोणी कच खाणे म्हणेल. गावात पुन्हा पाऊल ठेवायचे असेल तर दुसरा उपाय दिसत नाही.

कार्डाचा घोळ तिकिटापर्यंतही पोचला. मार्च २०२३ पासून महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना निम्मे तिकीट झाले, पण फक्त त्या राज्याच्या हद्दीत. ११ जून २०२३ पासून कर्नाटकाच्या साध्या बसमधून इथल्या बायका कर्नाटकात फुकट फिरू लागल्या. म्हणजे बेळगावहून हुबळीच्या नवनगरला, जिथे जुने कॅन्सर रुग्णालय आहे, बाईला तिकीटच नाही. मिरजेला थेट आंतरराज्य बसने जायचे तर हद्दीपर्यंत पूर्ण पैसे आणि ती बस एसटीची असेल तर पुढे निम्मे. भाषा पाहून मिरज गाठणाऱ्या कितीतरी घरांनी यानंतर हुबळीचा विचार केला असेल, तर त्यांना दोष कसा द्यायचा? मुंबईला ‘टाटाला’ न्यायचे तर रेल्वेची सवलत आहे. उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीचे भाडे पूर्ण माफ असते, सोबत्यालाही मोठी सूट मिळते. फक्त ठरलेल्या नमुन्यात रुग्णालयाचा सही-शिक्का हवा. बेळगाव, मिरज, पुणे करत चालुक्य एक्सप्रेस दादरला उतरवते, तिथून परळ जवळ, आणि राहायला दादरची गाडगेबाबांच्या नावाची धर्मशाळा. हा नमुना पिशवीत ठेवणारा स्वयंसेवक माईकवर भाषण करणाऱ्यापेक्षा दसपट उपयोगी.

अलीकडे चित्र पुन्हा हलते आहे. जानेवारी २०२५ मध्ये बेळगावातच नवे कॅन्सर रुग्णालय राष्ट्रपतींच्या हस्ते सुरू झाले. त्याच वर्षीच्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे उभारण्याची घोषणा झाली. केमो घेऊन संध्याकाळी घरी परतता येणार असेल, तर स्वयंसेवकाचे काम मुंबईच्या गाडीत बसवून देण्यापेक्षा पुढच्या तारखेची आठवण करून देण्याचे होते. तिथे अडते ते साध्या गोष्टींवर. नोंदवहीत बाईच्या नावापुढे फोन असतो मुलाचा, आणि मुलगा पुण्याला कंपनीत. दौरे निघतात रविवारी, कारण स्वयंसेवकांना सुट्टी तेव्हाच. शिफारसपत्र देणारी ओपीडी उघडते सोमवारी, तेव्हा मास्तर शाळेत असतात आणि मावशी शेतात. काही गटांनी आता दौऱ्याला रविवारी दहा माणसे नेण्याऐवजी सहाच न्यायची आणि उरलेल्या चौघांनी आठवड्यातली एकेक सकाळ सरकारी रुग्णालयाच्या रांगेत द्यायची, अशी वाटणी करायला हरकत नाही.