गृहशिक्षण

गृहशिक्षण : मुलाला शाळेत न घालता, किंवा घातलेल्या शाळेतून काढून, त्याच्या शिक्षणाची सर्व जबाबदारी पालकांनी स्वतःकडे घेण्याची पद्धत. बोलण्यात तिला सर्रास ‘होमस्कूलिंग’ असेच म्हणतात. इथे तिचा विचार मुख्यतः पुण्याच्या संदर्भात केला आहे. शाळा सुटल्यावरची शिकवणी, आजारपणात घरी करून घेतलेला अभ्यास किंवा करोनाच्या साथीत मार्च २०२० नंतर मोबाइलवर भरलेले वर्ग यांचा समावेश गृहशिक्षणात होत नाही. कारण त्या सर्वांत काय शिकायचे, केव्हा शिकायचे आणि किती वेगाने शिकायचे हे शाळाच ठरवत असते. मात्र घरातली मुले वर्गात नेमके काय करतात हे त्या काळात पुष्कळ पालकांनी प्रथमच शेजारी बसून पाहिले, आणि काहींच्या मनात या पर्यायाचा विचार तिथूनच सुरू झाला.

या पद्धतीचे एक टोक म्हणजे वेळापत्रक, पाठ्यपुस्तके व चाचण्या यांसह घरातच भरवलेली शाळा. दुसरे टोक ‘अनस्कूलिंग’चे. हा शब्द अमेरिकन शिक्षणचिंतक जॉन होल्ट यांनी १९७०च्या दशकात रूढ केला आणि त्यात मुलाच्या कुतूहलालाच अभ्यासक्रम मानले जाते. प्रत्यक्षात बहुतेक घरे या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असतात : सकाळी तासभर गणित व भाषा, आणि उरलेला दिवस मुलाच्या कलाने.

घरी शिकणे पुण्याला नवे नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी १८७३मध्ये विवाह होऊन पुण्यात आलेल्या रमाबाई रानडे पतीकडून घरातच लिहायला-वाचायला शिकल्या, पुढे इंग्रजीही शिकल्या, आणि त्याबद्दल घरातील इतर स्त्रियांचा रोष त्यांनी सोसला. पंडिता रमाबाई यांना संस्कृत त्यांच्या आईने शिकवले. परंतु हे घडले ते मुलींना शाळेची वाट जवळजवळ बंद होती म्हणून. या शहराच्या शैक्षणिक इतिहासाचा मुख्य प्रवाह घराकडून शाळेकडे वाहणारा आहे. सावित्रीबाई व जोतीराव फुले यांनी १८४८मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली. १८८२मध्ये सरकारने शिक्षणाच्या पाहणीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी त्याच दिशेने १९११मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलेले विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. ज्या गावात मुलांना शाळेपर्यंत आणण्यासाठी माणसांनी शेणमातीचे गोळे झेलले, तिथे ‘आम्ही मुलाला शाळेत घालणार नाही’ हे वाक्य जुन्या पिढीच्या कानाला खटकते, यात नवल नाही.

पालक हा निर्णय का घेतात, याचे एकच उत्तर देता येत नाही. शाळा या संस्थेवरच विश्वास नसलेले, विचारपूर्वक आणि मूल जन्माला येण्याआधीपासून ठरवून बसलेले पालक असतात. पण तत्त्वापेक्षा एखाद्या मुलाची विशिष्ट अडचण हेच कारण पुष्कळदा अधिक बलवान ठरते. रविवारी संध्याकाळ झाली की दुसरीतल्या मुलाच्या पोटात दुखू लागते, सोमवारी ते रिक्षावाल्या काकांच्या हाका ऐकून पलंगाखाली जाऊन बसते, आणि बालरोगतज्ज्ञ तपासून सांगतात की पोटाला काहीही झालेले नाही. कोणाला अक्षरे उलटसुलट दिसतात, कोणाला वर्गातला गोंगाट सोसत नाही, कोणाला स्वमग्नतेमुळे चाळीस मिनिटांची तासिका म्हणजे शिक्षा वाटते. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक असावा लागतो. हे प्रमाण पाळले गेले तरी त्या एका शिक्षिकेने उरलेल्या एकोणतीस मुलांना थांबवून एकाच्या गतीने चालावे, ही अपेक्षा तिच्यावर अन्याय करणारी आहे. अशा वेळी पालक शाळेवर रागावून नव्हे, तर दमून मुलाला घरी आणतात.

दुसरे मोठे कारण वेळेचे आहे. सिंहगड रस्ता, वाघोली किंवा वाकडसारख्या भागांत शाळेची व्हॅन सकाळी पावणेसातला दारात येते. दुपारी मूल परतते ते वाहतुकीत तासभर हेलकावे खाऊन. त्यानंतर गृहपाठ, मग क्लास, आणि अंगणात उतरेपर्यंत दिवेलागण झालेली असते. तबला, कथक, पोहणे किंवा बुद्धिबळ यांत मनापासून उतरलेल्या मुलाला रोजचे तीन-चार तास हवे असतात आणि ते याच दिवसातून काढावे लागतात. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीत परीक्षांना शाळेच्या इयत्तेची अट नसल्याने गुरूकडे शिकणारे मूल आपल्या गतीने विशारदपर्यंत जाऊ शकते. संगणक क्षेत्रात काम करणाऱ्या कुटुंबांच्या वारंवार होणाऱ्या बदल्या, मध्येच बदलणारे बोर्ड आणि माध्यम, हेही कारण सांगितले जाते. वाढत्या फीचे कारणही पुढे येते, पण ते फारसे टिकत नाही. कारण घरी थांबणाऱ्या पालकाचा बुडालेला पगार कोणत्याही फीपेक्षा सहसा मोठाच असतो.

पुण्यात प्रयोगशील शाळांचीही परंपरा आहे. ज्ञान प्रबोधिनी ही संस्था १९६२मध्ये आणि मराठी माध्यमाची अक्षरनंदन शाळा १९९२मध्ये सुरू झाली. अशा शाळा मोजक्या आणि त्यांतल्या जागा त्याहून मोजक्या. त्यामुळे मराठीतून, कृतीतून आणि स्पर्धेविना शिक्षण हवे असलेल्या काही पालकांना घर हा त्याच शोधाचा पुढचा टप्पा वाटतो.

घरी शिकणाऱ्या मुलाचा दिवस बाहेरून पाहणाऱ्याला रिकामा वाटण्याची शक्यता असते. नऊ वर्षांची मुलगी आईबरोबर मंडईत जाते, पाव किलो आले तीस रुपयांना तर किलो केवढ्याला हे भाजीवालीआधी सांगते आणि सुटे पैसे मोजून घेते. काड्यापेटीच्या काड्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांनी जोडून ती चौकोन करते. तो बोटाने ढकलला की कलंडतो, त्रिकोण मात्र कलंडत नाही, आणि छताच्या कैच्या त्रिकोणीच का असतात हे तिला कोणी न सांगता उमगते. हे खेळणे अरविंद गुप्ता यांचे. टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारी त्यांची खेळणी पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ या खगोलविज्ञान संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अनेक मुलांपर्यंत पोहोचली आहेत. वेताळ टेकडीवर खाणीच्या पाण्याशी बसून पाहिलेला खंड्या संध्याकाळी वहीत तारखेसह उतरतो. असे दिवस असतात. आणि मूल सोफ्यावर लोळत ‘कंटाळा आला’ म्हणत राहते, भागाकाराचे पान चार दिवस पुढे सरकत नाही, असेही दिवस असतात. दुसऱ्या प्रकारच्या दिवसांविषयी पालक कमी बोलतात.

कायद्याची स्थिती संदिग्ध आहे. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि मुलाला शिक्षणाची संधी उपलब्ध करून देणे हे पालकांचे मूलभूत कर्तव्य ठरवले. तिथे शब्द ‘शिक्षण’ असा आहे. १ एप्रिल २०१० रोजी लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १०मध्ये मात्र मुलाला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य सांगितले आहे. गृहशिक्षणाचा त्यात उल्लेख नाही, त्याला परवानगी देणारी तरतूद नाही, तशीच शाळेत न घालणाऱ्या पालकाला शिक्षाही नाही. याच फटीत भारतातले गृहशिक्षण चालते. सरकारी नोंदीत असे मूल ‘शाळाबाह्य’ ठरते. महाराष्ट्रात ४ जुलै २०१५ रोजी झालेल्या एका दिवसाच्या शाळाबाह्य मुलांच्या पाहणीत जो शब्द वीटभट्टीवरच्या किंवा सिग्नलवरच्या मुलासाठी वापरला गेला, तोच शब्द पुस्तकांनी भरलेल्या घरातल्या मुलालाही लागू पडावा, हे विसंगत दिसते. पण ज्यांच्या मुलांचे शिक्षण खरोखरच बुडते, त्यांना शोधण्यासाठी सरकारकडे दुसरी चाळणी नाही, हेही लक्षात घ्यावे लागते.

प्रमाणपत्राचा प्रश्न बहुतेक कुटुंबे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या, म्हणजेच ‘एनआयओएस’च्या परीक्षांद्वारे सोडवतात. दहावीसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात, किमान पाच विषय घ्यावे लागतात, आणि ते एकाच वेळी न देता पाच वर्षांत नऊ संधींमध्ये विभागून देता येतात. चित्रकला, गृहविज्ञान असे विषय त्यात आहेत. गणित सक्तीचे नाही, मात्र पुढे विज्ञान शाखेकडे जायचे असेल तर ते सोडणे महागात पडते. राज्य मंडळाचा खाजगी विद्यार्थ्यांसाठीचा ‘सतरा नंबरचा फॉर्म’ हा दुसरा मार्ग. पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो, आणि शाळेत कधी गेलेच नाही त्या मुलाकडे नेमका तोच नसतो. ज्यांना परवडते ते मुलांना केंब्रिजच्या आंतरराष्ट्रीय शालेय परीक्षांना खाजगीरीत्या बसवतात.

टीकाकारांचा पहिला प्रश्न ‘मुलांना मित्र कसे मिळणार’ हा असतो. सोसायटीतली मुले, तालमीतले सोबती, टेकडीवर आठवड्याला भेटणारी इतर गृहशिक्षित कुटुंबे, असे त्याचे उत्तर दिले जाते आणि ते बऱ्याच अंशी खरे आहे. मात्र हे सगळे सवंगडी साधारण एकाच आर्थिक थरातले असतात, ही उणीव त्या उत्तरात झाकली जाते. दुसरा, कमी विचारला जाणारा प्रश्न अधिक गंभीर आहे. ‘पालक शिकवतात’ असे म्हटले तरी नोकरी सोडून घरी थांबणारी व्यक्ती बहुधा आई असते, आणि मूल मागे पडल्यास सासर-माहेर दोन्हीकडून बोल तिलाच लागतो. मुलांचा जाच वेगळा. लग्नाकार्यात भेटणारा प्रत्येक काका आणि मावशी नावाच्या पाठोपाठ ‘कितवीला आहेस?’ हेच विचारतात, आणि आठ-नऊ वर्षांची मुले लवकरच वयावरून हिशेब करून ‘चौथीला’ असे ठोकून द्यायला शिकतात.

हा निर्णय कायमचाच असतो असे नाही. एका भावंडाला घरी शिकवून दुसऱ्याला शाळेत घालणारी कुटुंबे आहेत, आणि दोन-तीन वर्षांनी मुलानेच हट्ट धरून शाळेत जाणेही घडते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४नुसार सहा वर्षांवरील अशा मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात थेट प्रवेश आणि बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षण मिळण्याचा हक्क आहे. मुक्त विद्यालयातून दहावी झालेली काही मुले अकरावीला कनिष्ठ महाविद्यालयात प्रवेश घेतात आणि वयाच्या सोळाव्या वर्षी वर्गातल्या बाकावर पहिल्यांदा बसतात.